नवव्या फेरीनंतरचा होकार

३ ऑगस्ट

दाजी यांस,

षडंग नमस्कार. शास्त्राप्रमाणे तो साष्टांग हवा, पण आठांतली दोन अंगं म्हणजे गुडघे, आणि त्यांनी गेल्या वर्षापासून माझ्याशी असहकार पुकारला आहे. उरलेल्या सहांवर भागवून घ्यावं.

विषय गंभीर आहे. आपण माझ्या चष्म्याचं घर पळवलं आहे.

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला ताईच्या बैठकीच्या खोलीत आपला शास्त्रार्थ झाला. त्याच्या शेवटी आपण "पुस्तकी किडा! तुम्हाला काय कळतं रिंगमधलं!" असा सिद्धान्त मांडलात, टेबलावरचे कराराचे कागद गोळा केलेत आणि दार आपटून निघून गेलात. त्या कागदांबरोबर चष्म्याचं घरही गेलं. आता चष्मा माझ्याकडे आणि त्याचं घर तीनशे मैलांवर, डोंगरातल्या आपल्या शिबिरात. आपल्याला तर चष्माही नाही. रिकाम्या घराचं आपण काय करता, हा प्रश्न मला प्रूफं वाचताना छळतो. चष्मा सध्या साखरेच्या डब्यावर राहतो आणि सकाळी त्याला मुंग्या लागलेल्या असतात.

फोनवरच सांगितलं असतं. पण माझा आवाज ऐकताच आपण "शिबिरात फोनला बंदी आहे" असं फोनवर सांगता आणि ठेवून देता. तर्कशास्त्राच्या वर्गात मला या एका वाक्यावर पूर्ण तास घेता आला असता.

इकडची हकीकत अशी. आपल्या चिरंजीवांच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या, म्हणजे सगळं जग ज्याला 'बुरूज' म्हणतं आणि एकशे बारा किलो भरूनही घरात ज्याला आपण 'बाळ'च म्हणतो त्याच्या, संभाव्य लढतीचं पोस्टर आमच्याच छापखान्यात आलं आहे. करारावर सह्या नाहीत, तारीख नाही, जागा नाही. पोस्टर मात्र आहे. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत. एकीत बाळचं नाव वर आणि 'घणा'चं खाली, दुसरीत उलट. दोघेही विजेते, दोघांच्या कमरेला वेगवेगळ्या मंडळांचे पट्टे, तेव्हा आधी नाव कुणाचं यावर दोन्ही बाजूंचे लोक पाच आठवडे भांडताहेत. दोन्ही आवृत्त्यांची प्रूफं मीच वाचतो. शुद्धलेखनाच्या दृष्टीनं दोघेही निर्दोष आहेत, एवढंच मी निःपक्षपातीपणे सांगू शकतो.

आमचा मशिनमन घणाच्या बाजूचा. काल मशीन थांबवून मला म्हणाला, "शास्त्रीबुवा, रागावू नका, पण बुरूज जागचा हलतो का? नाही. आणि घण फिरतो. आता तुम्हीच सांगा, कोण कुणाला फोडणार?"

मालक आतून ओरडले, "अरे, तीन वर्षांत तुझ्या घणानं फोडलंय कुणाला? नातवंडं खेळवायच्या वयाचे गडी उभे करतात त्याच्यासमोर!"

"मग तुमचा बुरूज का टाळतोय?"

"टाळतोय कोण? तोच टाळतोय!"

"मशीन सुरू कर," मी म्हणालो. त्यावर दोघेही एकमतानं माझ्यावर घसरले की चॅम्पियनचा सख्खा मामा असून माझ्यात रक्त म्हणून नाही.

माझं मत आपल्याला ठाऊक आहे. ही लढत होऊ नये. कारणं पुन्हा देतो: घणाचा हात बाळपेक्षा चार बोटं लांब आहे, त्याचा डावा आडवा ठोसा दिसत नाही, फक्त पोचतो, आणि बाळ चौतिसाचा झाला. या तिन्हींचा शांतपणे विचार व्हावा.

ताई मजेत आहे. बाळ शिबिराला निघण्यापूर्वी घरी आला होता, तेव्हाची गंमत तिनं सांगितली का? हा आमच्या जिन्यात एक मजला जास्त चढला आणि वरच्या शिंप्याच्या दाराला पाच मिनिटं किल्ली लावत उभा राहिला. "आई, कुलूप कशाला बदललंस?" म्हणून वर आरडाओरडा. शिंपी कात्री घेऊनच बाहेर आला आणि समोर बुरूज पाहून कात्रीसकट आत गेला. आम्ही हसून हसून बेजार.

चष्म्याचं घर रजिस्टर टपालानं पाठवावं.

आपला,
पुस्तकी किडा


११ ऑगस्ट

दाजी यांस,

आपलं कार्ड पोचलं. सहा ओळी. त्यात चष्म्याच्या घराचा उल्लेख नाही, म्हणजे तो गुन्हा आपल्याला मान्य आहे असं मी धरतो.

तेवढ्या सहा ओळींत आपण माझी तिन्ही कारणं लोळवलीत. लांब हाताच्या तीन गड्यांना बाळनं याआधी झोपवलं आहे. ठोसा पोचण्यासाठी समोरचा तिथं असावा लागतो. आणि चौतीस हे हेवीवेटच्या हिशेबानं भर तारुण्य. उत्तम खंडन. मी परीक्षक असतो तर पूर्ण गुण देऊन आपल्याला बाहेर जायला सांगितलं असतं.

पण शेवटची ओळ मला आवडली नाही. आपण लिहिता: "आणि डोक्याचं म्हणाल, तर तुमचाच श्लोक साक्षीला आहे. पट्ट्याच्या लढतीत अकरा विश्रांत्या, अकरा वेळा तुम्ही मान हलवलीत. मी मोजलं."

तो श्लोक हा माझ्या आयुष्यातला एकमेव उपयोगी ग्रंथ, हे कबूल. बाळ सतरा वर्षांचा होता, पहिली मोठी लढत. इतर कोपऱ्यांत दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात गड्याला विचारतात, "कुठं आहेस? कितवी फेरी?" आणि गडी थापा मारतो, डोक्यात भुंगे फिरत असले तरी फेरी समोरच्या पाटीवर वाचतो. म्हणून मी चार चरण रचून दिले. पहिल्यात बादली भरली आहे, दुसऱ्यात टॉवेल कोरडा आहे, तिसऱ्यात मामाचं पोट मोठं आहे, चौथ्यात ऊठ, घंटा झाली. प्रत्येक विश्रांतीला पुढचा चरण. चार संपले की पुन्हा पहिला. पाटीवर काही लिहिलेलं नाही, थाप मारायची सोय नाही. तिसऱ्या चरणाला तो अजून हसतो. निदान हसायचा.

आपल्याला संस्कृत आणि गुळण्या यांतला फरक कळत नाही, म्हणून ऐकण्याचं काम माझं. मी बादली धरायची, ऐकायचं आणि मान हलवायची. मी मान हलवली की आपण त्याच्या तोंडात दातांचं रबर घालायचं. सतरा वर्षं आपण माझं एवढं एकच ऐकत आलात.

पण त्याला आता या वादात ओढू नये. श्लोक त्या दिवसापुरता असतो. पट्टा जिंकल्याला आठ महिने होऊन गेले.

मंडळाच्या डॉक्टरांचा दाखला आपण दोनदा अधोरेखित केला आहे. त्या सद्गृहस्थांबद्दल मला आदर आहे. ते दर वर्षी तारीख विचारतात आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. दर वर्षी शंभरच, आणि दर वर्षी सातच. एखाद्या वर्षी नव्व्याण्णवातून आठ विचारले असते तर बिघडलं नसतं.

छापखान्यात पोस्टरचा तिढा नव्यानं वाढला. दोन्ही नावं एका ओळीत घ्यायची असं ठरलं. मग डावीकडे कोण? मशिनमन म्हणाला, "गोल छापा. जो तो आपल्या नावापासून वाचेल." मालकांनी हे गंभीरपणे लिहून घेतलं.

आपला


१९ ऑगस्ट

दाजी,

आज नमस्काराला सहा अंगंही शिल्लक नाहीत. वैताग आला आहे.

वैतागाचं एक कारण म्हणजे आपली माणसं. कालच्या पेपरात आहे की रिंगमध्ये शेवटी कोण येणार यावर बोलणी अडली होती आणि आता चिठ्ठी टाकायचं ठरलं. ग्लोव्ह कुठल्या बनावटीचे, रिंग किती फुटांची, राहायच्या खोल्या कितव्या मजल्यावर, सगळ्यांवर बैठका झाल्या. दोन माणसं एकमेकांच्या डोक्यावर ठोसे मारणार आहेत, त्या डोक्यांविषयी एक बैठक झाल्याचं कुठं वाचलं नाही.

दुसरं कारण मशिनमन. त्यानं भिंतीवर दोन रकाने आखलेत. ज्याला जो जिंकेल असं वाटतं त्यानं तिथं रेघ मारायची. घणाला चौदा, बाळला सोळा. माझ्यापाशी खडू घेऊन आला. "शास्त्रीबुवा, घरच्या माणसाची एक तरी रेघ हवी."

"माझी रेघ लढत होऊ नये या रकान्यात."

"तसा रकानाच नाही."

"आख."

"वा! मग बघायचं काय आम्ही? चार वर्षं वाट बघतोय. तुमचा भाचा घाबरला का?"

मी त्याच्या हातातला खडू घेतला आणि मोडला. अशा गोष्टी मी करत नाही, आपल्याला ठाऊक आहे. मालकांनी मला लवकर घरी पाठवलं.

तिसरं कारण रविवारचा फोन. आपण बाळला दहा मिनिटं देता, त्यातली सहा ताईची, चार माझी. त्यानं मला एक विनोद सांगितला: शिबिरातल्या स्वयंपाक्यानं वजनकाट्यावर भाजी मोजली आणि काटा मोडला म्हणून बाळवर आळ घेतला. मी हसलो. मग त्यानं ताईची तब्येत विचारली. मी सांगितली. मग म्हणाला, "मामा, तुला एक गंमत सांगायची राहिली," आणि पुन्हा तोच स्वयंपाकी, तोच काटा. मी पुन्हा हसलो. ठेवताना म्हणाला, "आई कशी आहे, ते सांगितलंच नाहीस."

ताई शेजारीच उभी होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं,

"किती वेळा हसलास रे तू?"

"विनोद चांगला होता."

"मलाही सांगितला त्यानं. तुझ्या आधी." मग कपडे घडी करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "लहानपणी काच फोडलीस की तू असाच छान छान बोलायचास. काय फोडलंयस?"

मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, बरं. आपल्या बायकोचं 'बरं' आपण ऐकलेलं आहे.

तेव्हा, दाजी, एक किरकोळ दुरुस्ती. मागच्या पत्रात मी श्लोकाला वादात ओढू नका म्हटलं, ते आता मीच ओढतो. पट्ट्याच्या लढतीत नवव्या फेरीनंतर बाळ जरा अडखळला होता. एवढंच. हे ध्यानात ठेवून निर्णय व्हावा.

आपला


३० ऑगस्ट

दाजी,

आपलं उत्तर काल आलं. या वेळी पाकीट, आणि आत पूर्ण पान. आपण इतकं लिहू शकता हे मला माहीत नव्हतं. ताईनं ते माझ्या हातात दिलं आणि मी वाचेपर्यंत समोर बसून राहिली. तिला मोठ्यानं वाचून दाखवायचं टाळलं.

आपण लिहिता: "अडखळला म्हणजे काय? तोंडात रक्त होतं, घाम होता, माणूस अडखळणारच. तुम्ही मान हलवलीत का नाही? हलवलीत. खरी हलवलीत, तर आता मागनं कुरकुर करू नका. खोटी हलवली असेल, तर तसं स्पष्ट लिहा. सहा तारखेला सह्या आहेत. मी एवढ्या वर्षांत तुमची मान सोडून कशावरही विश्वास ठेवला नाही. डॉक्टरवर पण नाही."

या परिच्छेदाला उत्तर म्हणून मी काल तीन पत्रं लिहिली. तिन्ही उत्तम होती. एकात तर 'प्रत्यक्ष' आणि 'अनुमान' यांची चर्चाही होती. तिन्ही फाडली. आता सरळ लिहितो.

खोटी हलवली.

नववी फेरी संपली. आपण त्याच्या भुवईवर बर्फ धरून वाकला होतात. नवव्या विश्रांतीला चरण पहिला, बादलीचा. सगळ्यांत सोपा. मी म्हणालो, "हं, बाळ." त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओळखलं मला, असं मला तेव्हा वाटलं. आणि त्यानं चाल म्हटली. फक्त चाल. आठ अक्षरांची चढ-उतार अगदी बरोबर, मी शिकवली तशी, आणि त्यात शब्द एकही नव्हता. तोंडातल्या तोंडात नुसती गुणगुण. आपण मान वर न करता विचारलंत, "बरोबर?" आणि मी मान हलवली.

आपण रबर घातलंत. घंटा झाली. तो उठला.

दहाव्या आणि अकराव्या विश्रांतीला मी त्याच्या मानेवर स्पंज फिरवत होतो ना? आपण नंतर ताईला म्हणालात, मामा आज भारी सेवा करत होते. मी त्याच्या कानात चरण सांगत होतो. एकेक शब्द. तो माझ्यामागून म्हणत होता. मग मी मान वर करून ती हलवत होतो.

डॉक्टरांचंही ऐकून घ्या. दर वर्षी तोच प्रश्न, हे मला ठाऊक होतं. तपासणीच्या आधीचा पूर्ण आठवडा तो माझ्याकडे यायचा आणि आम्ही ते पाढ्यासारखं पाठ करायचो: शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. तो घोकत होता आणि मी हातावर ताल धरत होतो. डॉक्टरांनी पाठांतराची परीक्षा घेतली, आणि पाठांतर मी चांगलं करून घेतो. यात बाळचा दोष नाही. मामा सांगतो ते चांगल्यासाठीच असणार, असं तो समजला.

का केलं, हे आपण विचारणार. तीन फेऱ्या उरल्या होत्या आणि गुणांवर आपण पुढे होतो. त्याला थांबवलं असतं तर पट्टा गेला असता, आणि असा दिवस पुन्हा आला नसता. आणि खरं सांगायचं, तर मला चॅम्पियनचा मामा व्हायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा करत बसलेला माणूस मी. एक दिवस लोक माझ्याकडे वळून बघतील असं वाटलं. बघतातही. छापखान्यात नवा कागदवाला आला तर मालक माझी ओळख करून देतात. तो हात हातात घेतो आणि सोडत नाही. आठ महिने मला ते आवडत होतं.

मग नऊ जुलैला तुम्ही करार टेबलावर ठेवलात आणि मला काय बोलावं ते सुचेना. म्हणून लांब हात, डावा ठोसा, वय. त्या कारणांवर माझाही विश्वास नव्हता. तुम्ही मला पुस्तकी किडा म्हणालात. मला ते ऐकून सुटल्यासारखं झालं, कारण खरं काय ते विचारलं नाहीत.

सोबत वेगळ्या कागदावर चारही चरण मोठ्या अक्षरांत लिहून देतो आहे, खाली अर्थ, आणि प्रत्येक शब्द उच्चारायचा कसा तेही. तुम्हाला आता माझ्या मानेची गरज नाही. तो सकाळी धावून येईल, ताजा असेल, तेव्हा त्याला समोर बसवा. ग्लोव्ह नको, घंटा नको, कुणी बघायला नको. दुसरा चरण विचारा. मग एकदम चौथा विचारा. कागदावर बोट ठेवून ऐका. कान पाठ करतात, म्हणून डोळ्यांनीही बघा. त्याला ओरडू नका. आला नाही तर म्हणा, मामाला पण आठवत नव्हता.

ताईला आज दुपारी सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघरात उभी होती. ती रडली नाही, माझ्यावर ओरडलीही नाही. गॅस बंद केला आणि विचारलं, "त्या दिवशी वरच्या मजल्यावर गेला, तेव्हा तू का हसलास?" ती सहा तारखेच्या आधी तिकडे यायला निघते आहे. पाच तारखेला सकाळी पोचेल. उतरवून घ्यायला जा. मला बरोबर येऊ नको म्हणाली.

तुम्ही माझ्याशी पुन्हा बोलला नाहीत तरी माझी तक्रार नाही. सही करायची की नाही हे तुम्ही बाप म्हणून ठरवाल, मला आता त्यात मत द्यायचा हक्क उरलेला नाही.

फक्त मला कशाची भीती वाटते ते लिहितो, कारण इतके दिवस तेवढंच लिहिलं नाही. घण जिंकेल का बुरूज जिंकेल, याचं मला काही वाटत नाही. तो बारा फेऱ्या उभा राहील, जिंकेलही, लोक त्याला खांद्यावर घेतील. मग तो घरी येईल, ताई दार उघडेल आणि तो तिला विचारेल, "आपण कोण?" आणि मला अशी भीती वाटते, दाजी, की ती वेळ नवव्या फेरीनंतरच सुरू झाली आहे, आणि मी तेव्हा तिथं, त्याच्या समोर, बादली धरून उभा होतो.